पूल झाला, घाट ओस पडला : प्राणहितेकाठचा जुना नावघाट

तेंदूपान

प्राणहितेच्या काठावर, गडचिरोली जिल्ह्यात अहेरी आणि सिरोंचा यांच्या मधे, एक नावघाट आहे. नदीच्या पलीकडं तेलंगणा. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. नाव टाकलं की आधी रेतीवाले पोहोचतात, त्यांच्या मागून रीलवाले.

डांबरी रस्ता घाटाच्या अलीकडेच संपतो. एसटी वळायची ती गोल मोकळी जागा अजून ओळखू येते, पण निम्मी बाभळीत गेली आहे. तिच्या पुढं उतारूंची शेड. विटांचे खांब, वर सिमेंटचे पत्रे, आत भिंतीला धरून लांब ओटा. पत्रे फुटलेत आणि ओटा शेळ्यांनी घेतलाय. शेडला लागून ठेकेदाराच्या माणसाची खोली. खिडकीचे गज आहेत, दार कोणीतरी काढून नेलं. बाहेरच्या भिंतीवर दर रंगवलेले होते: माणूस, सायकल, बैल, रिकामी बंडी, भरलेली बंडी, शेळी. आकडे धुऊन गेले, नावं अजून वाचता येतात. अर्धी मराठीत, अर्धी तेलुगूत. नदीकडं जायला पायऱ्या नाहीत, फरशांचा उतार आहे, कारण बंडी डोंग्यापर्यंत न्यावी लागे. शेवटच्या पुरानं खालच्या फरशा उलट्या करून टाकल्या आहेत.

आता आजूबाजूचं सांगतो, कारण मला खरा प्रश्न त्याचाच आहे. या घाटावर हॉटेलांची रांग होती. हॉटेल म्हणजे मातीची भट्टी, दोन बाकडी आणि परातीत आलुबोंडे. दोन पानठेले, एक सायकल दुरुस्तीवाला, झाडाखाली न्हावी. बाजाराच्या दिवशी पलीकडून मिरची, चिंच, कोंबड्या यायच्या आणि इकडून तांदूळ जायचा. वऱ्हाडं यायची. नवरी इकडची आणि नवरा तिकडचा हे आमच्या पट्ट्यात नवल नाही, निम्म्या घरांत सासू तेलुगूतच रागावते. रात्रीची मुक्कामी गाडी शेडसमोर उभी राहायची. ड्रायव्हर-कंडक्टर ओट्यावर झोपायचे, आणि पहाटे पलीकडून येणाऱ्या पहिल्या डोंग्याची वाट पाहूनच गाडी सुटायची. वेळापत्रकात काय लिहिलं होतं याला फारसा अर्थ नव्हता.

आज त्यातलं एकही दुकान नाही. काठावरची ढिवरांची, म्हणजे नाव चालवणाऱ्या-मासे धरणाऱ्यांची, घरंही थोडीच उरलीत, तीही बहुतेक कुलूप लावलेली.

सगळे म्हणतात, पुलानं घाट मारला. मला हे पूर्ण पटत नाही. पूल झाल्यावरही लोक येत-जात राहिले, उलट वाढले. मग ही माणसं, ही हॉटेलं पुलाजवळ का नाही गेली? पुलाच्या दोन्ही टोकांना चिटपाखरू नाही. सगळं गेलं ते चार-पाच किलोमीटर आतल्या फाट्यावर. माझं म्हणणं असं, की घाटावरची वस्ती नदीवर जगत नव्हती, थांबण्यावर जगत होती. तुमच्याकडं असे घाट आहेत का? वैनगंगा, वर्धा, पैनगंगा, कुठलीही चालेल. लिहा.

शंकरपट_प्रेमी

पहिला नंबर! वाचून मंग लिवतो.

जुनी_वही

छान धागा. प्राणहितेचा विषय निघालाच आहे तर मागची गोष्ट टाकतो, कारण या नदीवर ओसाड पडलेला हा काही पहिला नाववाहतुकीचा मनसुबा नाही.

१८५० आणि ६० च्या दशकांत इंग्रजांनी गोदावरी-प्राणहिता-वर्धा हा सलग जलमार्ग करायचा घाट घातला होता. कल्पना आर्थर कॉटनची, म्हणजे ज्यानं राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा बांधला त्याची. वऱ्हाड-नागपूरचा, त्यातही हिंगणघाटचा कापूस नदीतून थेट काकिनाड्याच्या समुद्रापर्यंत न्यायचा. अमेरिकेत यादवी सुरू झाली (१८६१ ते ६५), मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा या योजनेला जोर आला. काम कॅप्टन हेगकडे होतं. मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल याचाही पाठिंबा होता.

अडचण होती खडकांची. वाटेत तीन मोठे अडथळे, इंग्रजी कागदांत त्यांना पहिला, दुसरा, तिसरा बॅरिअर म्हटलंय. पहिला भद्राचलमजवळ दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला, आणि तिसरा आपल्याकडं प्राणहितेत, अहेरी तालुक्यातल्या देवलमरीजवळ. प्रत्येक ठिकाणी बंधारा, बाजूनं कालवा आणि कालव्यात नाव वर-खाली करायला दरवाजे, असा बेत होता. दुम्मागुडेमचा बंधारा आजही उभा आहे. वरची कामं मात्र रखडत गेली आणि १८७१ मध्ये सरकारनं योजनाच गुंडाळली.

कारण साधं आहे. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोहोचली. कापूस उलट्या दिशेला, मुंबईला जाऊ लागला. नदी पावसाळा आणि त्यानंतरचे थोडे महिनेच चालणार, रेल्वे बारा महिने.

सिरोंचा आज महाराष्ट्राच्या टोकाला पडलेलं तालुक्याचं गाव वाटतं, पण त्या काळात ते अप्पर गोदावरी नावाच्या अख्ख्या जिल्ह्याचं ठाणं होतं. नदी हाच रस्ता होणार असं धरलं, तर ती जागा अगदी मोक्याची होती. प्राणहिता आणि गोदावरी तिथंच मिळतात. रस्ता नागपूरकडून मोजायला लागलो तेव्हापासून सिरोंचा लांब पडलं.

पऱ्हाटी

@जुनी_वही, हिंगणघाटचा आहे म्हणून छाती फुगली. आमच्याकडं वणा नदी आहे, तिच्यात आता डोंगा सोडा, म्हैसही पोहत नाही. वणेतून वर्धा, वर्धेतून प्राणहिता, तिथून गोदावरी आणि समुद्र! कापूस काकिनाड्याला गेला असता तर आज भाव तेलुगूत पडले असते. पडलेच असते, हे नक्की.

मापनपट्टी

पुलाजवळ वस्ती का झाली नाही, या मूळ प्रश्नाला उत्तर देतो. पुलांच्या कामावर आयुष्य गेलं.

नावघाटाला लागतं संथ आणि पुरेसं खोल पाणी, हळूहळू उतरणारा काठ, आणि गाव हाकेच्या अंतरावर. म्हणून घाट बहुधा डोहाजवळ असतो. पुलाला नेमकं उलटं हवं. पात्र जितकं अरुंद तितका खर्च कमी. काठ उंच आणि दोन्हीकडं टिकाऊ पाहिजे, पायाला खडक वर लागला तर सोन्याहून पिवळं, आणि प्रवाह सरळ पाहिजे, वळणावर नको. अशी जागा गावाजवळ क्वचित सापडते, कारण उंच काठाच्या, खडकाळ जागी गाव वसवतं कोण? पाणी भरायलाच जमणार नाही. म्हणून पूल घाटापासून वर किंवा खाली जातो, आणि पुलाचा जोडरस्ता गावाला वळसा घालून मुख्य रस्त्याला भेटतो. तो भेटतो तिथं तुमचा फाटा. नव्या रस्त्याला पुराच्या पातळीच्या वर भराव घालावा लागतो, त्यामुळं पुलाच्या तोंडाशी दुकान टाकायला सपाट जागाच उरत नाही. चिटपाखरू नसतं ते यामुळं.

अपवाद आंभोऱ्याचा.

धानकोठार

मी लिहिणारच होतो! आंभोरा आमचंच. एका काठाला नागपूर जिल्ह्याचा कुही तालुका, दुसऱ्या काठाला आमचा भंडारा जिल्हा. वैनगंगेला इथं कन्हान आणि आणखी नद्या मिळतात, टेकडीवर चैतन्येश्वराचं मंदिर. मुकुंदराजांनी विवेकसिंधू इथं लिहिला असं आमच्याकडं सांगतात. (अंबाजोगाईवाले भांडायला येतील, त्यांचं स्वागत आहे.) यात्रेला आम्ही लहानपणी डोंग्यातून जायचो. खालच्या गोसेखुर्द धरणाचं पाणी चढल्यावर तर पात्र समुद्रासारखं झालं आणि नावेशिवाय इलाजच नव्हता, नाहीतर मोठा फेरा.

आता तिथं तारांवर तोललेला पूल आहे, मधल्या मनोऱ्यात उंचावर गॅलरी, तिथून पाणी बघायचं. २०२४ पासून सुरू आहे. रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. पूल घाटावरच आला म्हणून घाट जगला, पण नदी ओलांडायला कोणी येत नाही, फोटो काढायला येतात. डोंगेवाले होते ते आता पर्यटकांना फिरवतात. वाईट आहे असं नाही म्हणत. पैसे जास्तच मिळत असतील.

गोसेखुर्दच्या वरच्या बाजूला किती घाट पाण्यात गेले ते विचारू नका. भूमिपूजन १९८८ चं. गावं उठली, नव्या जागी बसली. नव्या गावांना रस्ता आहे, नळ आहे, समाजमंदिर आहे, फक्त नदीकडं जाणारी वाट नाही. आमच्या आत्याच्या गावचा घाट वर्षातून काही आठवडे, पाणी उतरलं की वर येतो. चिखलातून ओट्याची कड दिसते. शेडचं छप्पर गाव उठवतानाच लोकांनी काढून नेलं होतं, पत्रे महाग असतात बाबा.

शंकरपट_प्रेमी

वाचलं. भाऊ, आमच्या गावी नावाड्याले पैसे कोनी देत नव्हतं. गाववाल्याईचं सालाचं धान ठरलेलं असे, मळणी झाली का नावाडी खळ्यावर पोतं घेऊन हजर. घरटी पायलीचा हिशेब. रोख फक्त बाहेरगावच्या पावन्याकडून. माझा आजा म्हने, नावाड्याशी भांडू नोको, पान्याच्या मधात तोच देव. एकदा एका सावकारानं धान द्याले मागंपुढं केलं तं त्याले पुरा पावसाळा घाटावर "येतो, येतो" म्हनत बसवला होता.

मोठा डोंगा नसला तं दोन डोंगे बाजूबाजूनं बांधाचे, वरतून फळ्या टाकाच्या, त्याच्यावर फटफटी. बैल पोहून न्याचे, शेपटी धरून. पट म्हंजे बैलाईची शर्यत जिंकून आलेला बैल मात्र फळीवर उभा राहून यायचा, त्याचा मान मोठा.

उन्हाळ्यात ठेकेदार नदीत बोऱ्या अन् पायल्या (पाइप) टाकून रपटा, म्हंजे कच्ची वाट करे अन् त्याचेही पैसे घेई. पानी गुडघाभर, तरी पैसे! लोक बाजूनं धोतर वर करून जात अन् तो काठावरून शिव्या देत राहे.

जुनी_वही

त्या शिव्यांनाही कायद्याचा आधार होता हो. १८७८ चा नॉर्दर्न इंडिया फेरीज कायदा मध्य प्रांतालाही लागू होता. सरकारनं घाट 'सार्वजनिक' ठरवला की उतराईचा हक्क लिलावानं एका ठेकेदाराला. दरांचा तक्ता घाटावर दिसेल असा, तिथल्या भाषेत लावणं बंधनकारक. तेंदूपान यांनी भिंतीवर पाहिला तो त्याच रिवाजाचा वारस. त्या घाटापासून दोन मैलांच्या आत दुसऱ्या कोणी परवानगीशिवाय नाव चालवायची नाही. म्हणजे मक्तेदारी दिली आणि त्याबदल्यात नाव, माणसं, दर यांची जबाबदारीही टाकली.

लाल_ठेचा

इतका वेळ वाचतेय. सगळं गोड आहे. पण मी चामोर्शी तालुक्यातली आहे, वैनगंगेच्या काठची, आणि मला या घाटांची अजिबात आठवण येत नाही.

पावसाळ्यात पोटुशी बाई खाटेवर घालून घाटावर आणायची. नावाडी पलीकडच्या काठावर. हाका मारायच्या. पाणी वाढलेलं असलं तर तो येणार नाही, आणि त्यानं येऊ नये हेच बरोबर. तेंदूपान दादा, तुम्ही ज्याला थांबणं म्हणता ते थांबणं आम्ही असं पाहिलंय. आलुबोंडे खाणारे पुरुष होते. बाया शेडच्या कोपऱ्यात पदर डोक्यावर घेऊन बसायच्या. त्या शेडला संडास होता का हो? एवढं वर्णन केलंत म्हणून विचारते.

दुसरं, तुम्ही म्हणता घाट ओस पडले. कागदावर पडले. जानेवारी २०२४ मध्ये आमच्या तालुक्यात गणपूरजवळ काय झालं ते आठवा. पलीकडं चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला निघालेल्या बाया नावेतून जाताना बुडाल्या. रोजीसाठी रोज नदी ओलांडणाऱ्या बाया होत्या त्या. नाव चालूच आहे. ठेकेदार नाही, तक्ता नाही, जॅकेट नाही, इतकाच फरक.

पऱ्हाटी

ताई, बरोबर बोललात. आमच्या वर्धा नदीवरही तेच. सप्टेंबर २०२१, वरुड तालुक्यातलं झुंज. दशक्रिया विधीला आलेलं कुटुंब नावेत बसलं आणि ११ जण गेले. छोटी नाव, माणसं जास्त. कोणी मोजायला नव्हतं.

तेंदूपान

@लाल_ठेचा ताई, नाही, संडास नव्हता. कुठल्याच घाटावर पाहिल्याचं आठवत नाही.

घाट परत यावा असं मला म्हणायचं नाही. आमच्या आईलाही पूल होण्याआधीच्या पावसाळ्यात पलीकडच्या दवाखान्यात नेताना रात्रभर शेडमध्ये बसावं लागलं होतं, त्यामुळं पुलाचा पहिला नारळ फोडायला मीच पुढं असतो. माझा प्रश्न वस्तीचा होता. ती जी दहा-बारा घरं नावेवर आणि उतारूंवर जगत होती, त्यांना पुलाच्या पैशातून काही मिळालं नाही. शेत बुडालं तर मोबदला मागता येतो, मिळतो की नाही ही पुढची गोष्ट. ढिवराच्या धंद्याचा सातबारा नसतो. त्यातले दोघे आता फाट्यावर दुसऱ्याच्या हॉटेलात कपबशा विसळतात, बाकीचे मिरचीच्या हंगामात खम्मम-वारंगलकडं जातात.

एसटीचा_डबा

सिरोंच्याकडचा अनुभव जोडतो. प्राणहितेच्या आणि गोदावरीच्या दोन्ही बाजूंना पूल झाले, आता कालेश्वरमला दर्शनाला जायला नाव लागत नाही. पण एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेचा पुष्कर, म्हणजे बारा वर्षांनी येणारा नदीस्नानाचा मेळा, आला तेव्हा मेलेला घाट कसा उठून बसतो ते पाहिलं. बारा दिवस! मंडप, लाइटा, पोलीस, बाहेरगावच्या गाड्यांची रांग, तेलुगू-मराठी दोन्ही लाउडस्पीकर. तेराव्या दिवशी निर्माल्य आणि कुत्री. आता पुन्हा बारा वर्षांनी, गुरू मीन राशीत आला की.

गोदावरीवरचा तेलंगणाचा मेडीगड्डा बंधारा २०१९ ला झाला, त्याच्या फुगवट्याचं पाणी आमच्या बाजूच्या शेतांत येतं यावर वेगळा धागा निघेल, इथं नको. घाटांपुरतं सांगतो. पाण्याची चाल बदलली. कुठं पूर्वी वाळू होती तिथं पाणी उभं असतं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे खांब खचल्यावर पाणी सोडलं तेव्हा पुन्हा वाळू उघडी पडली. जुना नावाडीसुद्धा आता डोळे मिटून नाव घालणार नाही.

शंकरपट_प्रेमी

अन् रेतीचं कोनी बोललंच नाही! आता घाटाचा लिलाव म्हंजे रेतीचाच. उतारू गेले, टिप्पर आले. आमच्या घाटावरची शेड रेतीवाल्याईच्या पहारेकऱ्यानं ताडपत्री लावून घेतली, आत खाट, मोबाईल चार्जिंग, सारं व्यवस्थित. ओसाड नाही म्हनता येत.

जुनी_वही

आणखी एक विनोद ऐका. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातले १११ जलमार्ग जाहीर झाले. त्यात वैनगंगा-प्राणहिता आहे, क्रमांक १०९. पैनगंगा-वर्धाही आहे, ७८. म्हणजे कॉटन साहेबाचा नकाशा दीडशे वर्षांनी पुन्हा कायद्याच्या अनुसूचीत येऊन बसला. लाल_ठेचा ताई ज्या पाण्यावरून मिरची तोडायला जाणाऱ्या बायांबद्दल लिहितायत, ती नदी या यादीत आहे.

लाल_ठेचा

मग राष्ट्रीय जलमार्गावर एक पत्र्याची चांगली नाव आणि वीस जॅकेटं द्या म्हणावं.

@मापनपट्टी, तुम्हाला विचारते, चिडून नाही. आमच्या पट्ट्यात पूल मागितला की सांगतात, वाहतूक कमी आहे, मोठ्या पुलाचा खर्च निघत नाही. वाहतूक मोजतात कशी?

मापनपट्टी

ताई, प्रामाणिकपणे सांगतो. जवळच्या रस्त्यावर माणसं बसवून काही दिवस वाहनं मोजतात. ट्रक, बस, कार, दुचाकी, बैलगाडी, प्रत्येकाला वेगळा गुणक लावून बेरीज करतात. सायकलीलाही गुणक आहे. पायी चालणाऱ्याला या बेरजेत जागा नाही. पूल झाल्यावर किती वाहनं वाढतील याचा अंदाज धरतात, पण तो अंदाज आजच्या आकड्यावर उभा असतो. म्हणून जिथं रस्ता नाही तिथं वाहनं नाहीत, आणि वाहनं नाहीत म्हणून पूल नाही, असं चक्र होतं. यातून सुटका बहुधा दोनच वाटांनी होते. एक, जिल्हा किंवा राज्य जोडणारा रस्ता म्हणून प्रस्ताव जातो. प्राणहितेवरचा वांगेपल्ली-गुडेम पूल तसा, दोन राज्यांमधला. दुसरी वाट म्हणजे दुर्घटना.

लाल_ठेचा

मग मिरचीच्या हंगामात पहाटे पाच वाजता आमच्या काठावर या. वाहन एकही दिसणार नाही. बाया मोजा, डबे घेऊन उभ्या असतात. अर्ज तयार करताना गुणकाच्या रकान्यात काय लिहायचं ते तुम्ही सांगा, मी ग्रामसभेत ठराव आणते.

मापनपट्टी

ठराव आणाच. त्यात हंगाम, रोजची माणसं, किती फेऱ्या, नदी न ओलांडता रस्त्यानं जायला किती किलोमीटर आणि किती तिकीट, हे सगळं लिहा. वळशाचे किलोमीटर महत्त्वाचे, वाचणाऱ्या वेळेचा आणि इंधनाचा हिशेब त्यावरच बसतो. पूल होईपर्यंत किमान परवानाधारक नाव आणि जॅकेटं अशी वेगळी मागणी करा, दोन्ही एका कागदावर घालू नका. एक मागणी मान्य झाली की दुसरी निकाली काढली असं दाखवतात. मसुदा मला व्यक्तिगत संदेशातून पाठवा, आकड्यांची बाजू बघून देतो.

धानकोठार

मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला पलीकडून भाविक नावेनंच येतात ना? तो आकडा पण टाका ताई. देवाचं नाव असलं की कागद जरा लवकर सरकतो.

लाल_ठेचा

टाकते. मार्कंडा आमच्यापासून लांब आहे, पण नदी तीच आणि तालुकाही तोच.

नवा_सदस्य_७१

तेंदूपान, तुमच्या घाटावर जायचं आहे, कॅमेरा आहे. जागा सांगाल का? जून-जुलैमध्ये सुट्टी मिळते.

तेंदूपान

जागा सांगणार नाही, वर कारण दिलंय. आणि जून-जुलैत तर नकोच. वर पाऊस झाला आणि गोसेखुर्दचे दरवाजे उघडले की आमच्याकडं आभाळ कोरडं असतानाही पाणी चढतं, आणि त्या उताराच्या उलटलेल्या फरशांखाली माती राहिलेली नाही. दिवाळीनंतर आलापल्लीपर्यंत या, तिथं भेटू. रस्ता खराब आहे, दुपारच्या आत निघा.